मात्सु बोलत नाही

'किल बिल'मधली (२००३) जपानी गाणी आपल्यातल्या अनेकांच्या कानांत आहेत. ती गाणारी जपानी अभिनेत्री मेइको काजी मात्र बहुतेकांना अनोळखीच राहिली. हा अंक तिच्यावर आहे. सूडाने पेटलेली नायिका हल्ली ओटीटीवर उठता-बसता भेटते, म्हणून तिची ही थोरली बहीण आत्ताच भेटवावी असे आम्हाला वाटले.

१९७१ साली डबघाईला आलेल्या निक्कात्सु स्टुडिओने कामुक चित्रपटांचा रस्ता धरला, तेव्हा काजी तिथून बाहेर पडून तोएई स्टुडिओकडे गेली. तिथल्या 'फीमेल प्रिझनर स्कॉर्पियन' मालिकेत (१९७२-७३) तिची मात्सु ही कैदी जवळजवळ बोलतच नाही. मारहाण, छळ, उघडी शरीरे, सगळा गल्लाभरू मसाला आहेच. पण कॅमेरा तिच्या डोळ्यांवर थांबला की चोरून पाहणारा प्रेक्षकच ओशाळतो. तिचाच 'लेडी स्नोब्लड' (१९७३) अधिक देखणा, मान्य. आमचे मत तरीही मात्सुलाच. दिग्दर्शक किंजी फुकासाकूंच्या याकुझापटांत (जपानी गुन्हेगारी टोळ्यांवरच्या चित्रपटांत) तिच्या वाट्याला जागा कमी आली. तरी 'याकुझा ग्रेव्हयार्ड' (१९७६) चुकवू नका.

या अंकात आम्ही तिची आरती ओवाळलेली नाही. बाईच्या यातना विकणाऱ्या धंद्यात राहून एखादी नटी स्वतःचे किती राखू शकते, हा आमचा प्रश्न आहे. लेखकांचे यावर एकमत नाही आणि संपादकांचेही नाही. चित्रपट पाहा, चिडलात तर तसे कळवा. वाचकांच्या पत्रांसाठी पुढच्या अंकात पाने राखून ठेवली आहेत.