'आत्महत्या' हा शब्द आधी कोण लिहितो?

शवविच्छेदनाच्या टेबलावर देह पोहोचण्याआधीच पोलिसांचा निष्कर्ष तयार असतो. १३ मार्च २०१७, होळीचा दिवस. जेएनयूत इतिहासात एम.फिल. करणारा मुथुकृष्णन जीवानंदम, म्हणजे आपला रजनी क्रिश, मुनिरका विहारमध्ये मित्राच्या घरी मृतावस्थेत सापडला. सेलमहून आलेला, हैदराबाद विद्यापीठात रोहितसाठीच्या लढ्यात उतरलेला दलित तरुण. संशोधनाच्या प्रवेशात समानता नाही, हे त्याने काही दिवसांपूर्वीच जाहीर लिहिले होते. पोलिसांनी प्रथमदर्शनी आत्महत्या म्हणून सांगितले, वर वैयक्तिक नैराश्यही जोडले. एम्समधले शवविच्छेदन त्यानंतर झाले. घरच्यांनी सीबीआय चौकशी मागितली, तर त्यांना भावनिक ठरवले गेले.

मी याच भागात, मुनिरका गावात भाड्याने राहतो. इथल्या अंधाऱ्या जिन्यांच्या खोल्यांमध्ये आपली कितीतरी पोरं राहतात. म्हणून हे स्पष्ट लिहितो: क्रिशचे काय झाले याचा निकाल मी देत नाही. माझे भांडण निकालाच्या घाईशी आहे.

शवविच्छेदन करणारा डॉक्टर मृत्यूचे कारण सांगतो. श्वास कोंडला, रक्तस्राव झाला, विष सापडले. पण आत्महत्या, खून की अपघात हा मृत्यूचा प्रकार झाला. तो ठरवायला घटनास्थळ, साक्षी, फोन, त्या माणसाचे शेवटचे दिवस हे सगळे लागते. विद्यावृत्ती कुणी अडवली, मार्गदर्शकाने काय ऐकवले, हे फुप्फुसाच्या तुकड्यात दिसत नाही. पेपरवाले मात्र 'शवविच्छेदनात आत्महत्या सिद्ध' असा मथळा देऊन मोकळे होतात.

वेळेचेही तेच. सिनेमात डॉक्टर 'रात्री अकरा वाजता' असे सांगतो. खरे शास्त्र इतके छाती ठोकत नाही. देह थंड होत जातो, स्नायू ताठरतात, रक्त खालच्या बाजूला साकळते, डोळ्यातल्या द्रवात पोटॅशियम वाढते. या सगळ्यावरून निघतो तो काही तासांचा पट्टा. देह थंड होण्याचे बरेचसे संशोधन युरोपातल्या थंड हवेत झाले. जर्मनीतल्या हेन्सगे यांचा आलेख जगभर वापरतात. पण जूनमध्ये मुनिरक्याच्या पत्र्याखालच्या खोलीत पारा चाळिशीला गेला, तर देह थंड होणार कसा? खोलीचे तापमान पंचनाम्यात नोंदवलेच नसेल, तर पुढचा सगळा हिशेब अंदाजपंचेच.

त्यात देह एकदा शवागाराच्या थंडीत गेला, की हे घड्याळच बिघडते. सेलमहून दिल्लीला यायला बापाला किती वेळ लागतो? परभणीहून? ज्याचा काका आयपीएस आहे त्याच्यासाठी तासाभरात फोन फिरतात. आपला माणूस जनरलच्या डब्यात असतो, तोवर पुरावा थिजून गेलेला असतो. जात इथेही काम करते, आणि कुणाला शिवी द्यावी लागत नाही.

शवागारात आणखी एक गोष्ट बघा. अनेक सरकारी रुग्णालयांत देह प्रत्यक्ष उघडतो तो सफाई कामगार जातींतून आलेला कर्मचारी. डॉक्टर हातभर लांबून सांगतो आणि सही करतो. प्रेताचा विटाळ आमच्या वाट्याला, अहवाल त्यांच्या.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ नंतर पहिले शवविच्छेदन इतके ढिसाळ झाले, की देह उकरून पुन्हा तपासावे लागले. लैंगिक अत्याचाराचा पुरावा तोवर गेला होता. न्यायालयात ना बलात्कार उभा राहिला, ना अ‍ॅट्रॉसिटी. २०२० मध्ये हाथरसची मुलगी इथून जवळच्याच सफदरजंगमध्ये गेली. पोलिसांनी रातोरात देह जाळला. मग दुसरे शवविच्छेदन कशाचे करणार?

आपल्याकडचे काहीजण म्हणतात, हे शास्त्रच त्यांचे, आपण फक्त 'संस्थात्मक हत्या' म्हणू. मला हे पटत नाही. ती घोषणा मीही दिली आहे, पुढेही देईन. पण परभणी आठवा. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत गेला. सांगितले गेले, हृदयविकार. छत्रपती संभाजीनगरच्या शवविच्छेदनात लिहिले गेले, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. तो कागद हाती घेऊन त्याची आई लढली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितले, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे अपील फेटाळले. सरकारी डॉक्टरची एक ओळ नसती, तर 'हृदयविकार' हाच इतिहास झाला असता.

तेव्हा शिकलेल्यांनो, मोर्चा निघण्याआधी कुणीतरी शवागाराच्या दारात उभे राहा. पंचनामा सही करण्याआधी वाचा. वेळ, जखमा, खोलीचे तापमान लिहिले का ते बघा. व्हिसेरा राखून ठेवला का, विचारा. कोठडीतला मृत्यू असेल तर चित्रीकरण मागा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ते १९९५ मध्येच राज्यांना सांगितले आहे. 'रात्रीच उरकू' म्हणाले, तर २०२१ चा केंद्राचा आदेश दाखवा: खून, आत्महत्या, बलात्कार किंवा घातपाताचा संशय असेल, तर कायदा-सुव्यवस्थेचे कारण असल्याशिवाय सूर्यास्तानंतर शवविच्छेदन नाही. आणि संशय मिटला नसेल, तर दहनाची घाई करू देऊ नका. आपल्यातल्या एमबीबीएस झालेल्या पोरींनो, पोरांनो, न्यायवैद्यकशास्त्राला पैसा नाही म्हणून सगळेच पाठ फिरवतात. तुम्ही त्या जागा भरा.