भाड्याचे अवजार

जयपूरचा दागिना पूर्वी हाताने काढलेल्या चित्रातून आणि मेणाच्या नमुन्यातून आकारास येई. आज अनेक कारखान्यांत तो प्रथम संगणकावर त्रिमितीत घडतो. तक्रार या प्रगतीविषयी नाही, मालकीविषयी आहे.

आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ने १९६३ मध्ये पडद्यावरील रेखाटन शक्य केले. ‘ऑटोकॅड’ने १९८२ पासून ते साध्या संगणकावर आणले, तर ‘सॉलिडवर्क्स’ने १९९५ मध्ये त्रिमितीय रचना विंडोजवर आणली. तेव्हा परवाना एकदा घेतला की कायमचा मिळे. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने कायम परवान्यांची विक्री थांबवली. आता मुदतीचे भाडे भरायचे. ते थकले की आज्ञावली बंद आणि तिच्या खासगी स्वरूपात जतन केलेली आपलीच रचना कुलुपात! सोनाराच्या कानशीने कधी भाडे मागितले होते काय?

शासकीय प्रशिक्षणसंस्था एकाच कंपनीचे अवजार शिकवते, तेव्हा ती करदात्याच्या पैशाने त्या कंपनीसाठी भाडेकरू घडवते. खुल्या आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१५ पासून आहे. ‘ब्लेंडर’ २००२ पासून खुला आहे, ‘फ्रीकॅड’ही उपलब्ध आहे. ती अपुरी आहेत, हा आक्षेप अंशतः खरा. परंतु अपुरे अवजार सुधारता येते. दुसऱ्याने लिहिलेला भाडेकरार नव्हे. निदान प्रत्येक निविदेत एक अट असावी: रचना खुल्या स्वरूपातही मिळालीच पाहिजे.