काउंटरवरचे काम विद्यापीठाने शिकवावे

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक.



विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारले. तेव्हापासून जत, अथणी, चिक्कोडी, विजापूर इकडचा पेशंट मिरजेची वाट धरतो. याच गावातल्या एका खासगी रुग्णालयात मी मेडिकल रेकॉर्ड विभागात काम करते. नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना काउंटरचे काम दाखवायची जबाबदारीही माझ्याकडेच असते. त्या अनुभवावरून आपल्याकडे एक मागणी करते आहे. केसपेपर, भरती, बिलिंग, विमा आणि रेकॉर्ड या रुग्णालयीन कार्यालयीन कामाचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम विद्यापीठाने मराठीतून सुरू करावा.

आज हे काम कसे शिकले जाते ते सांगते. बेडग, आरग, मालगाव अशा गावांतून बी.ए., बी.कॉम. झालेली मुलगी येते. तिला टायपिंग येते, बोलायला नीटनेटकी असते. तिला सॉफ्टवेअरचा पासवर्ड मिळतो आणि 'शेजारी बसून बघ' असे सांगितले जाते. थोड्याच दिवसांत शेजारची सुट्टीवर जाते आणि हिच्यासमोर रांग उभी राहते. कोणी तिला माणसाचे शरीर शिकवलेले नसते, कायदा सांगितलेला नसतो, रडणाऱ्या नातेवाइकाशी कसे बोलावे हेही दाखवलेले नसते. तरी रुग्णालयात पाऊल टाकणाऱ्या माणसाची पहिली गाठ पडते ती तिच्याशीच.

सोमवारची सकाळ. रांगेत पन्नाशीचा शेतकरी उभा आहे. घशाशी जळजळतंय, पित्त झालंय असे तो स्वतःच सांगतो आहे. शर्ट पाठीला चिकटलेला, डावा हात उजव्या हाताने दाबून धरलेला, जबडा दुखतो असेही बायको मागून सांगते. न शिकलेली मुलगी नाव, वय, गाव विचारते, 'पित्ताचा त्रास' असे लिहिते आणि मेडिसिनच्या ओपीडीचा नंबर देते. शिकलेली मुलगी कीबोर्डवरून हात उचलते, व्हीलचेअर मागवते, त्याला कॅज्युअल्टीत पाठवते आणि केसपेपर नंतर करते. निदान करणे हे तिचे काम नाही, पण कोणाला रांगेत उभे ठेवायचे नाही हे ओळखणे तिचेच काम आहे. आणि ते शिकवता येते. अशी दहा-बारा लक्षणे असतात, ती पाठ करून घ्यावी लागतात आणि काउंटरवर उभे राहून त्यांचा सराव करून घ्यावा लागतो.

दुसरे नुकसान कागदावर होते आणि ते उशिरा कळते. पेशंट सांगतो, बीपीची गोळी दहा महिन्यांपासून चालू आहे. घाईत कोणीतरी 'दहा वर्षे' टाइप करते. तीच ओळ पुढे ॲडमिशनच्या फायलीत आणि डिस्चार्ज समरीत उतरते. पॉलिसी चार वर्षांपूर्वीची असते. विमा कंपनी विचारते, पॉलिसी घेताना आजार लपवला का? मग क्वेरी येते, डॉक्टरांचे पत्र मागितले जाते आणि शेवटी क्लेम नाकारला जातो. एका शब्दाच्या फरकाने ते घर सावकाराच्या दारात जाते. नावांचेही तसेच. सीमाभागातल्या माणसाच्या आधारवर 'बसवराज' असते आणि रेशनकार्डावर 'बसप्पा'. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा फरक भरतीच्या वेळीच पकडून आरोग्यमित्राकडे नेला, तर मार्ग निघतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री लक्षात आला, तर यादीतले नाव मागे पडते.

विमा नियामकाने मे २०२४ मध्ये कॅशलेसची पहिली परवानगी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम परवानगी तीन तासांत देण्याचे बंधन कंपन्यांना घातले. चांगला नियम आहे. पण ही घड्याळे चालू होतात रुग्णालयाने अर्ज पाठवल्यावर. फायलीत इम्प्लांटचे स्टिकर लावायचे राहिले, ओटी नोट्सवर सही नसली, की क्वेरी येते आणि घरी जायला तयार असलेला पेशंट संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहतो. खालच्या मजल्यावर त्याच खाटेची वाट बघत दुसरा कोणी असतो.

गोपनीयतेबद्दल मला सर्वांत जास्त तळमळ आहे. संमतीशिवाय एखाद्याची एचआयव्हीची स्थिती उघड करणे २०१७च्या कायद्याने मना आहे. तरी फायलीच्या कव्हरवर लाल शाईने खूण केलेली मी पाहिली आहे. तीच फाईल वॉर्डबॉयच्या काखेतून सगळ्या मजल्यांवर फिरते. वैद्यकीय गर्भपाताचे रजिस्टर गोपनीय कागद मानले जाते. पण 'लग्न झालंय का?' हा प्रश्न काचेच्या भोकातून सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारला, तर त्या रजिस्टरला कुलूप लावून काय उपयोग? आता रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जातात, आरोग्य खात्याचा चौदा अंकी 'आभा' क्रमांक काउंटरवरच काढून दिला जातो, आणि संमती म्हणजे काय हे काढून देणाऱ्यालाच कोणी सांगितलेले नसते. या मुली वाईट नाहीत. त्यांना हे कधी कोणी शिकवले नाही. पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर कागद ७२ तासांत द्यायचे असतात, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला २००२चा नियमही त्यांतल्या बऱ्याच जणींनी माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकला.

मी मागते आहे ते कायद्याला नवे नाही. अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या २०२१च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत क्लिनिकल कोडर आणि मेडिकल सेक्रेटरी ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. सहायक आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे शिक्षण हवे, असेही तो कायदा म्हणतो. म्हणूनच मी दोन वर्षांची पदविका मागते आहे. बाजारात मिळणाऱ्या तीन महिन्यांच्या वर्गात संगणक आणि थोडे इंग्रजी संभाषण यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

'असले काम कामावरच शिकतात' असे आमच्या क्षेत्रातली वडीलधारी माणसे म्हणतात. औषधे देणाऱ्या कंपाउंडरबद्दलही एके काळी हेच म्हटले जाई. १९४८चा फार्मसी कायदा आला, पदविका आली, नोंदणी आली. आज औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट नसला तर आपण तक्रार करतो. कामावर शिकणे मलाही हवे आहे, पण ते शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. आज शिकाऊ मुलीच्या चुका पेशंटच्या खात्यावर जमा होतात.

अभ्यासक्रमाबद्दल दोन गोष्टी आग्रहाने सांगते. निम्म्याहून अधिक तास वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, खऱ्या काउंटरवर जावेत. एक महिना केसपेपर, मग कॅज्युअल्टीतली रात्रपाळी आणि एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसच्या नोंदी, मग विम्याचे दावे पाहणारा टीपीए डेस्क, मग रेकॉर्ड रूम. वर्गात शरीररचना आणि वैद्यकीय शब्द शिकवावेत, पण मराठीतून आणि कामापुरते. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' आले की दाह, 'एक्टॉमी' आले की काढून टाकणे, एवढे कळले तरी अर्धी फाईल वाचता येते. कमरेचे इलियम आणि लहान आतड्याचे इलियम उच्चाराने सारखेच, इंग्रजी स्पेलिंगमध्ये फक्त 'आय' आणि 'ई'चा फरक. तो माहीत नसलेल्या हाताने ऑपरेशनची नोंद करू नये. भागाप्रमाणे तिथली एक भाषाही असावी: आमच्याकडे कन्नड, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला भिली.

परीक्षा लेखी कमी आणि तोंडी जास्त असावी. परीक्षकाने नातेवाईक होऊन समोर उभे राहावे, डिपॉझिटला पैसे नाहीत म्हणून आवाज चढवावा, आणि विद्यार्थिनी काय बोलते, कोणाला फोन लावते, योजनेची कोणती कागदपत्रे मागते ते पाहावे.

जागा, शुल्क, मान्यता यांचे तपशील आपल्याकडची मंडळी माझ्यापेक्षा चांगले जाणतात. मात्र आधीपासून काउंटरवर बसलेल्यांना विसरू नये. त्यांतल्या पुष्कळ जणींच्या पगारात शहरात खोलीचे भाडेही भागत नाही. नोकरी सोडून दोन वर्षे शिकणे त्यांना जमणार नाही. त्यांच्या कामाचे तास तपासून अभ्यासक्रमात धरता येतील का आणि उरलेला भाग रविवारी किंवा संध्याकाळी शिकवता येईल का, याचा विचार व्हावा. पदविकेला नोंदणीची जोड मिळाली, तर पगाराबद्दल बोलायलाही त्यांना आधार मिळेल.

आराखडा करणाऱ्या समितीत प्राध्यापक आणि प्रशासक असतीलच. त्यांच्याबरोबर एका जिल्हा रुग्णालयातला केसपेपर खिडकीवरचा कर्मचारी, एक आरोग्यमित्र आणि टीपीए डेस्कवर काम केलेले एक माणूस घ्यावे. बैठक दुपारी दोननंतर ठेवावी, कारण त्याआधी त्यांना खिडकी सोडता येत नाही.

आपली विश्वासू,
मेडिकल रेकॉर्ड विभागातील एक कर्मचारी, मिरज