भिंतीसाठी पुस्तके फाडू नका



आज थोडे कडक लिहिणार आहे. कोणाला राग आला तरी हरकत नाही, पण लेख शेवटपर्यंत वाचावा.

अलीकडे आपल्या समाजातही जुनी छापील चित्रे जमविण्याची आवड दिसू लागली आहे. पूर्वी आपल्या सलोनच्या भिंतीवर एक कॅलेंडर आणि एक लग्नाचा फोटो असे. आता कोणाकडे जुन्या यरुशलेमचे चित्र दिसते, तर कोणाकडे वेरूळच्या लेण्यांचे. या छंदाला माझा मुळीच विरोध नाही. विरोध आहे तो चांगली जुनी पुस्तके फाडून त्यांतील चित्रे सुटी विकण्याच्या धंद्याला. आणि हा धंदा गिऱ्हाइकावर चालतो, म्हणून दुकानदारापेक्षा आपल्यालाच चार शब्द सुनावणे मला अधिक जरुरीचे वाटते.

काही चित्रे जन्मतःच सुटी असतात. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या, उघड्या पडलेल्या रेघा तेजाबाला खाऊ द्यायच्या, मग त्यांत शाई भरून पत्रा कागदावर दाबायचा, याला एचिंग म्हणतात. रेम्ब्रांटने अशी चित्रे सुटीच विकली. होकुसाईची १८३१च्या सुमाराची प्रसिद्ध लाट लाकडी ठशांवरून सुट्या कागदावरच छापली गेली. आपल्या हैफात राहिलेले हरमान श्ट्रुक (१८७६–१९४४) यांची एचिंगे पाहा. सुटा कागद, खाली पेन्सिलीने सही. हैफातील त्यांच्या राहत्या घरातच आज त्यांचे म्युझियम आहे. अशी चित्रे खुशाल घ्या, त्यात कोणाचे नुकसान नाही.

दुसरी चित्रे पुस्तकाच्या पोटी जन्मलेली असतात, आणि पुस्तकाबाहेर ती अर्धी मुकी होतात. १४९३ साली न्यूरेंबर्ग शहरात जगाचा इतिहास सांगणारा एक मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात १८०९ चित्रे आहेत, पण लाकडी ठसे फक्त ६४५. म्हणजे एकाच ठशाने एका पानावर एक शहर दाखविले आणि पुढे दुसऱ्याच शहराचे नाव घालून तोच ठसा पुन्हा मारला! ही गंमत म्हणा की लबाडी म्हणा, ती कळते केव्हा? सबंध पुस्तक हाती असेल तेव्हा. त्यातले एक पान फ्रेममध्ये लावणाऱ्याला वाटते, आपल्याकडे त्या शहराचे अस्सल पाचशे वर्षांपूर्वीचे रूप आहे.

वेरूळचेच उदाहरण घ्या. जेम्स वेल्स या चित्रकाराने लेण्यांची चित्रे काढली आणि १७९५ साली तो साष्टीत वारला. ती चित्रे १८०३ साली लंडनला टॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली चोवीस पत्र्यांवर कोरून निघाली. वेल्सबरोबर पुण्याचा गंगाराम तांबट हाही काम करीत असे, आणि इंग्रज रेसिडेंट मॅलेटसाठी त्याने स्वतः वेरूळ रेखाटले होते. चित्र कोणी काढले, कोणी कोरले, केव्हा छापले, हे सारे चित्राखालच्या बारीक अक्षरांत आणि पुस्तकाच्या मजकुरात असते. चौकट नीट बसावी म्हणून तीच अक्षरे कापली जातात, आणि मजकूर जातो रद्दीत. मी सारा जन्म वॉर्डात काढला. ज्या केसपेपरवरचे नाव आणि तारीख फाटली, तो केसपेपर कितीही सुंदर अक्षरात लिहिलेला असो, डॉक्टरच्या काही उपयोगाचा नाही.

पुस्तके फाडतात कशासाठी? हिशेब सोपा आहे. पूर्ण पुस्तकाला एकच गिऱ्हाईक लागते, आणि ते पैसेवाले असावे लागते. शंभर चित्रे सुटी केली की शंभर साधी गिऱ्हाइके मिळतात.

यावर लोक म्हणतात, “पुस्तक आधीच फाटलेले होते, मी थोडेच फाडले?” दवाखान्यातून चोरलेली औषधाची बाटली बाजारात स्वस्तात घेणाराही हेच म्हणतो. तुम्ही दिलेल्या पैशांतून दुकानदार पुढचे पुस्तक आणतो आणि पुढची कात्री चालवतो.

दुसरे म्हणणे, “कपाटातले पुस्तक कोण पाहतो? भिंतीवर दहा जण तरी पाहतात.” दहा जणांनी पाहावे हे खरेच. त्यासाठी फोटो काढून घ्या, चांगल्या कागदावर छापा आणि लावा. इथल्या उन्हात भिंतीवरचा कागद पिवळा पडतो, रंग उडतात. पडायचाच तर नकलेचा कागद पिवळा पडू दे.

तिसरे म्हणणे मला सर्वांत जास्त बोचते, कारण ते आपल्याच घरांतून ऐकू येते. “मुलांना मराठी वाचता येत नाही. आजोबांचे पुस्तक ठेवून काय करायचे? निदान चित्र तरी राहील.”

१८७४ साली पुण्याला आपल्या समाजाची हगादा छापली गेली, हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर असलेली. तिच्यातली चित्रे शिळाछापाची, म्हणजे दगडावरून उठवलेली. त्यांत साडी नेसलेल्या आपल्या बाया जमिनीवर बसून पेसाहची बिनखमिराची भाकर करीत आहेत. असे पान कोणालाही भिंतीवर हवेसे वाटेल. पण विचार करा. आपल्या नातवंडांना हिब्रू येते. शेजारीच मराठी आहे. ज्या मुलाला आजीची भाषा शिकायची इच्छा होईल, त्याला याहून सोपे पुस्तक कोठे मिळणार? ओळखीची ओळ हिब्रूत वाचायची आणि तीच मराठीत पाहायची. चित्रासाठी ते पुस्तक फाडले, तर बायांचे चित्र राहील, पण त्यांची बोली आपण आपल्याच हातांनी बाहेर टाकू. आणि हौस चित्राचीच असेल, तर १९६८ साली न्यू यॉर्कला या हगादेची हुबेहूब प्रत निघालेली आहे. तिच्यावरून हवे ते चित्र उतरवून घ्या.

म्हणून याफोच्या पिश्पेशिम बाजारात किंवा दुसऱ्या कोठेही जुने चित्र घेताना ते उलटून पाहा. मागे दुसराच मजकूर आहे का? एका कडेला शिवणीची भोके आहेत का? वरच्या कोपऱ्यात पानाचा आकडा, मधोमध घडी दिसते का? दिसली तर ते बहुधा पुस्तकातले पान आहे. दुकानदाराला बाकीचे पुस्तक कोठे आहे ते विचारा, आणि नीट उत्तर मिळाले नाही तर पाकीट उघडू नका.

घरात जुनी हगादा किंवा तफिल्ला असेल तर तिला चिकटपट्टी लावू नका. पट्टीचा डिंक कागद खातो. स्वच्छ कापडात गुंडाळून, उन्हापासून आणि दमटपणापासून दूर, आडवी ठेवा. पहिल्या पानांचे फोटो काढा आणि पुस्तक कोणाचे होते, कोणत्या गावचे, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. सांभाळणे होत नसेल तर यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला विचारा. तेथे हगादांचा मोठा संग्रह आहे.

लोद असो, अश्दोद असो, दिमोना असो, बोटीतून आणि विमानातून येताना आपल्या वडीलधाऱ्यांनी मोजके सामान आणले. त्यात भांडी कमी करून पुस्तके घेतलेली घरे मला माहीत आहेत. त्या पुस्तकांना कात्री लावण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?