रस्ता कोणाचा?

बंगळूरच्या सेंट्रल सिल्क बोर्ड चौकाशी गेल्या काही वर्षांत दोन योजनांचे नाव जोडले गेले. दोहोंची लांबी सुमारे १७ किलोमीटर. पहिली योजना २०२० सालची. करोनाच्या साथीत बसगाड्या थांबल्या, लोक सायकलीकडे वळले, आणि राज्य शासनाच्या नगर भू-परिवहन संचालनालयाने बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर सिल्क बोर्डापासून कृष्णराजपुरमच्या दिशेने सायकलींसाठी स्वतंत्र मार्गिका आखली. अल्पकाळातच तिच्या कडेचे खांब मोडले, मोटारसायकली आत घुसल्या आणि मेट्रोच्या बांधकामात बराच भाग नाहीसा झाला. दुसरी योजना हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या भुयारी रस्त्याची. तिचा खर्च सुमारे १७ हजार कोटी रुपये अंदाजण्यात आला. त्या रस्त्यावर टोल द्यावा लागेल आणि दुचाकींना प्रवेश नसेल, अशी तिची आखणी करण्यात आली. जेथे स्कूटरला मज्जाव, तेथे सायकलीची बातच नको. एक रेषा रंगासह पुसली गेली. दुसरीसाठी तिजोरीचे दार उघडण्यात आले. शहराच्या नियोजनात कोणाला माणूस म्हणून मोजले जाते, हे सांगण्यास याहून अधिक पुराव्याची आवश्यकता नाही.

या मोजमापात सर्वांत तळाशी कोण असेल, तर ती सायकल चालवणारी, किंवा चालवू इच्छिणारी, स्त्री होय. पुरुष सायकलस्वाराला जे धोके आहेत ते सर्व तिला आहेतच. शिवाय मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराची अश्लील शेरेबाजी, मुद्दाम अंगावर घातलेली गाडी, दिवे नसलेला पट्टा, वाटेत कोठेही नसलेले स्वच्छतागृह, आणि घरी पोहोचल्यावर ‘एवढा उशीर का झाला’ हा प्रश्न, हे सारे तिच्याच वाट्याला येते. बंगळुरात पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्या सुशिक्षित नोकरदार स्त्रियांचीही हीच तक्रार असते. त्या एकट्याने न जाता गटाने जातात, अंधारातील रस्ते टाळतात, परतण्याची वेळ घरी कळवून ठेवतात. त्यांच्या या अनुभवाला ‘खात्यापित्या घरचा छंद’ म्हणून हसण्यावारी नेणारे लोक पुरोगामी चळवळीतही आढळतात. ही वृत्ती सोडली पाहिजे. ज्या रस्त्यावर शिरस्त्राण घातलेली, हातात दूरध्वनी असलेली अभियंता स्त्री सुरक्षित नाही, त्या रस्त्यावर रात्री आठ वाजता कारखान्यातून परतणाऱ्या कामगार स्त्रीची सुरक्षितता कोणत्या आधारावर गृहीत धरायची?

तथापि प्रश्नाचा मोठा भाग दृष्टीआड राहतो, कारण तो सायकलीवर दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन विचारण्यात आले. घराबाहेर कामाला जाणाऱ्या स्त्रियांत पायी जाणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा असल्याचे, आणि सायकल वापरण्यात स्त्रिया पुरुषांच्या फार मागे असल्याचे त्यातून निष्पन्न झाले. बंगळूर हे तयार कपड्यांच्या उद्योगाचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. पीण्या, म्हैसूर रस्ता, बोम्मनहळ्ळी, होसूर रस्ता या पट्ट्यांतील कारखान्यांत शिलाई यंत्रावर बसणाऱ्यांत स्त्रियांची संख्या बहुसंख्य आहे. खोली भाड्याने घेताना ‘कारखान्यापर्यंत पायी जाता येईल का’ हा हिशेब त्यांना आधी करावा लागतो; म्हणून अरुंद, महाग आणि पाण्याची टंचाई असलेल्या वस्त्यांत त्या दाटीवाटीने राहतात. ज्यांना ते परवडत नाही, त्या आसपासच्या खेड्यांतून खचाखच भरलेल्या टेंपोतून येतात. दोन-तीन किलोमीटरच्या वाटेला सायकलीने दहा-पंधरा मिनिटे लागतात, पायी अर्धा-पाऊण तास. जाता-येता रोजचा तासभर वेळ, महिन्याचे पंचवीस तास. हा वेळ मजुरीच्या हिशेबात कोठेही धरला जात नाही, परंतु कामगार स्त्रीच्या आयुष्यातून तो वजा होतो.

मग ती सायकल का घेत नाही? ‘स्त्रियांना संकोच वाटतो’ असे सोपे उत्तर दिले जाते. वस्तुस्थिती अधिक कठोर आहे. घरात एकच सायकल असेल तर ती पुरुषाची; घरात मोटारसायकल आली तर तीही पुरुषाची. लहानपणी भावाला सायकल शिकवली जाते, बहिणीला ‘पडलीस तर’ म्हणून बाजूला ठेवले जाते. विशीनंतर शिकायचे तर शिकवणारा कोणी नसतो. साधी सायकलसुद्धा पाच-सहा हजार रुपयांना पडते, आणि किमान वेतनावर जगणाऱ्या घरात एवढी रक्कम एकदम उभी राहत नाही. स्त्रीचा प्रवासही सरळ घर ते कारखाना असा नसतो. मुलाला अंगणवाडीत सोडणे, शिधा आणणे, भाजी घेणे, आजारी सासूचे औषध आणणे अशा अनेक थांब्यांनी तो तुटलेला असतो. रस्त्यांची आखणी करणाऱ्या अभियंत्याच्या नकाशावर हे थांबे नसतात. तेथे फक्त सकाळी नऊ आणि सायंकाळी सहा वाजता धावणारी मोटार असते.

बंगळूरच्या श्रमिक इतिहासात वेगळे चित्रही होते. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ मध्ये, एचएमटी १९५३ मध्ये उभी राहिली. १९६१ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. टेलिफोनच्या आणि घड्याळांच्या जोडणीच्या कामावर स्त्रियांची मोठ्या प्रमाणावर नेमणूक झाली. सार्वजनिक क्षेत्रातील या कारखान्यांबरोबर कामगार वसाहती आल्या, कारखान्याच्या बसगाड्या आल्या. कामावर सुखरूप पोहोचणे ही केवळ कामगाराची खाजगी चिंता नाही, तीत मालकाचीही जबाबदारी आहे, हे तत्त्व तेथे अपूर्ण स्वरूपात का होईना मान्य झाले होते. ते दानाने मिळाले नव्हते. संघटित कामगारांच्या दबावाने मिळाले होते, आणि १९८०-८१ च्या सार्वजनिक क्षेत्रातील दीर्घ संपाने त्या संघटनेची ताकद देशाला दाखवली होती. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळे बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्या शहरात स्त्री कामगार कारखान्याच्या बसमधून जात होती, त्याच शहरात तिच्या मुलीच्या पिढीला फुटलेल्या पदपथावरून पायपीट करावी लागते. याला प्रगती म्हणणे म्हणजे शब्दाचा अर्थ उलटा करणे होय.

सायकलस्वार स्त्रीला झालेला विरोध नवा नाही. १८९७ च्या मे महिन्यात केंब्रिज विद्यापीठात स्त्रियांना पदव्या द्याव्यात की नाही यावर मतदान झाले, तेव्हा विरोधकांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा रस्त्यावर टांगला. पदवीला विरोध करताना पुतळा सायकलीचा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शिकणारी स्त्री आणि कोणाच्या परवानगीविना फिरणारी स्त्री यांचा संबंध त्यांनी अचूक ओळखला होता. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ मध्ये.

हाच संबंध उलट बाजूने तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्याने सिद्ध केला. १९९१-९२ च्या साक्षरता मोहिमेत, शीला राणी चुंकत जिल्हाधिकारी असताना, अक्षरओळखीबरोबर सायकल शिकवण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याचे वर्णन केले आहे. स्त्रियांसाठीच्या सायकली अपुऱ्या पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि अनेकींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते. टिंगल झाली, घाणेरडे शेरे मारले गेले. पण शिकणाऱ्यांची संख्या एवढी होती की टिंगल करणाऱ्यांनाच गप्प बसावे लागले. एकटीदुकटीचे धाडस गावाला डोळ्यात खुपते. हजारोंचे धाडस रिवाज बनते.

बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी २ हजार रुपये देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुली यांतील तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटली, असा त्यांचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. परिणाम प्रामुख्याने शाळेपासून तीन किलोमीटर वा अधिक दूर असलेल्या गावांत दिसला. म्हणजे मुलींना शिक्षणाची आवड नाही हा समज खोटा ठरला. आड येत होते ते अंतर. कर्नाटकातही २००६-०७ पासून आठवीतील मुलामुलींना सायकली देण्याची योजना होती. २०२०-२१ मध्ये साथीच्या काळात वाटप थांबले. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील मुलींना सायकली मिळतात. या योजना टिकवणे आणि वेळेवर राबवून घेणे हे काम क्षुल्लक नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. कित्येक कार्यकर्ते म्हणतात, गरीब स्त्रीला सायकल चालवण्याचा उपदेश करणे म्हणजे तिला गरीबच राहा असे सांगणे आहे. श्रीमंतांनी मोटारी उडवायच्या आणि पर्यावरण वाचवण्याचा भार कामगार स्त्रीने पायडलवर वाहायचा, हा कोठला न्याय? आक्षेपात तथ्य आहे. दिवसभर यंत्रावर वाकलेल्या स्त्रीला स्कूटर हवीशी वाटत असेल तर तो तिचा दोष नव्हे. सायकल हे कोणाचे व्रत होता कामा नये. परंतु प्रश्न उपदेशाचा नसून निवडीचा आहे. आज तिच्यापुढे पायी चालणे आणि टेंपोत कोंबले जाणे एवढेच पर्याय आहेत. तिसरा पर्याय स्वस्त आहे, पेट्रोलच्या दरावर अवलंबून नाही, परवाना मागत नाही आणि नादुरुस्त झाला तर कोपऱ्यावरचा दुकानदार दुरुस्त करतो. तो तिला मिळू नये अशी व्यवस्था रस्त्यानेच केली आहे.

कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली साध्या बसगाड्यांत स्त्रियांना मोफत प्रवास दिला. ही खरी मिळकत आहे. तिची ‘फुकटेपणा’ म्हणून जी हेटाळणी होते, तिचा ठाम प्रतिवाद केला पाहिजे. पण बस थांब्यावर सोडते, घराच्या दारात नव्हे. थांब्यापासून खोलीपर्यंतची अंधारी वाट अजून तिलाच तुडवावी लागते. सायकल आणि बस या परस्परांच्या विरोधी मागण्या नाहीत. थांब्याजवळ सायकल ठेवण्याची सुरक्षित, विनामूल्य जागा असेल तर एकीने दुसरीला पूर्णत्व येते.

कागदावर सरकारला हे सारे ठाऊक आहे. वाहनांची नव्हे तर माणसांची वाहतूक हा उद्देश २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच नमूद आहे. जयनगरमध्ये सायकल-मार्ग आखले गेले आणि त्यांवर मोटारी उभ्या राहिल्या. पादचारी व सायकलस्वारांच्या हक्कांचा मसुदा कर्नाटकात २०२१ मध्ये तयार झाला. मसुद्यातील हक्क रस्त्यावर उतरायला कायदा लागतो आणि कायद्याला निधी. रुंद, गुळगुळीत पदपथ झाले ते प्रथम शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात. पीण्याच्या कारखान्यांच्या फाटकापर्यंत ती फरशी पोहोचली नाही. शिवाय महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपल्यावर पाच वर्षे शहरात निवडून आलेले नगरसेवक नव्हते. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असलेले सभागृहच अस्तित्वात नसेल, तर गल्लीतील विझलेल्या दिव्याची तक्रार कोणाकडे करायची? नियोजनातून लोकांना वगळले की नियोजन कंत्राटदाराचे होते.

आणि तरीही या शहरातील कामगार स्त्रियांनी रस्ता आपला करून दाखवला आहे. भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम ५८ वर्षे वयापर्यंत काढता येणार नाही असा नियम केंद्राने २०१६ मध्ये केला. १८ आणि १९ एप्रिलला तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो स्त्रिया यंत्रे सोडून बाहेर पडल्या आणि होसूर रस्ता ठप्प झाला. लाठ्या पडल्या, अटका झाल्या. पण १९ एप्रिललाच सरकारला नियम मागे घ्यावा लागला. एरवी ज्या रस्त्यावर त्यांना चालायला हातभर जागा नव्हती, त्याच रस्त्यावर त्यांनी दिल्लीला माघार घ्यायला लावली.

यातून पुढील कामाची दिशा स्पष्ट होते. औद्योगिक पट्ट्यांपासून कामगार वस्त्यांपर्यंत प्रथम सायकल-मार्ग आणि दिवे, कारखान्याच्या आवारात सायकल-तळ, सायकलीसाठी मालकाकडून बिनव्याजी उचल, बसथांब्यांवर विनामूल्य सायकल-तळ, स्वच्छतागृहे, रस्त्यावर छेड काढणाऱ्याविरुद्धची तक्रार टाळाटाळ न करता नोंदवण्याची सक्ती, आणि मुलींच्या सायकल योजनांना कायम तरतूद, या मागण्या वेतनाच्या मागणीपत्रकात समाविष्ट झाल्या पाहिजेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण त्याच दिवशी लहान मोटारींवरील करही २८ वरून १८ टक्क्यांवर आणला गेला. तेव्हा करकपातीवर समाधान मानून चालणार नाही.

हे काम फक्त बंगळूरचे नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणवणारे पुणे, यंत्रमागांची इचलकरंजी आणि भिवंडी, जेथे जेथे स्त्रिया कामाला बाहेर पडतात तेथे तोच प्रश्न उभा आहे. मागण्यांची वाट न पाहता सुरू करण्यासारखे एक काम प्रत्येक शाखेच्या हाती आहे. रविवारच्या सकाळी मैदानावर दोन जुन्या सायकली घेऊन वस्तीतील स्त्रियांना चालवायला शिकवता येते. त्याला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. त्याआधी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरातील सायकल कोणाच्या हाती आहे, हे पाहून घ्यावे.