जमावाचा न्याय आणि राज्याचा पाया



साताऱ्याच्या प्रतिसरकारची कथा आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी आपणांस सांगितलीच असेल. 1943 ते 1946 या काळात कुंडल व आसपासच्या गावांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांना न जुमानणारे राज्य चालले. ही गावे आज सांगली जिल्ह्यात मोडतात. सावकारास चाप बसला, लग्ने कमी खर्चात लागली, गावोगावी न्यायमंडळे बसली. त्या धाडसाचा मान राखलाच पाहिजे. तथापि तळपायावर फटके खाणाऱ्याने अपील कोठे करावयाचे, हा प्रश्न वकिलास टाळता येत नाही.

30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या झाली आणि याच सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ही आग मी प्रतिसरकारच्या माथी मारीत नाही. पण काहींच्या गुन्ह्यासाठी साऱ्या जातीस शिक्षा, हा न्याय आपल्या वस्त्यांनी पिढ्यानपिढ्या भोगला आहे. ब्राह्मण्याशी आपले भांडण जुने आहे. म्हणून त्या आगीत समाधान मानणाऱ्यास मी धम्मबांधव म्हणणार नाही.

नवे राज्य उभारताना अशा हिंसेस क्षमा केली तर काय होते, ते जर्मनीत दिसले. 1918 मध्ये कैसर गेला, प्रजासत्ताक आले. बंड मोडण्यासाठी नव्या सरकारने स्वयंसेवी सैनिकी टोळ्या वापरल्या. 15 जानेवारी 1919 रोजी अशाच सैनिकांनी रोझा लक्झेंबर्ग व कार्ल लीबक्नेश्ट यांस ठार केले. चारच दिवसांनी घटनासमितीची निवडणूक झाली! हत्येचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यावर पुढे कधीही खटला चालला नाही. वायमारच्या घटनेत हक्कांची कलमे उत्तम होती, न्यायासन मात्र झुकलेले होते. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटनासमितीत सांगितले की, घटनात्मक मार्ग खुले असता रक्तरंजित क्रांतीच नव्हे, तर सत्याग्रहही सोडावा. मग महाडचे काय, असे तरुण विचारतात. चवदार तळे नगरपालिकेने 1924 मध्येच सर्वांस खुले केले होते. 1927 मध्ये आपण कायदा मोडला नाही, तो बजावला.

तेव्हा गावकीची कामे सोडली म्हणून गावाने बहिष्कार घातला, तर काठी उचलू नका आणि गावकीपुढे हातही जोडू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहे. दीक्षा घेतल्याने अनुसूचित जातीचे संरक्षण जाते, असे कोणी सांगितल्यास ते खोटे समजा. 1990 च्या दुरुस्तीने ते बौद्धांस मिळाले आहे. पोलीस ठाण्यात फिर्याद लेखी द्या आणि तिची प्रत, जी विनामूल्य मिळते, घेतल्यावाचून उठू नका.