खोडलेला आकडा

मागच्या पावसाळ्यात मुलुंड येथील माझ्या दवाखान्यात एक आजोबा नातीला घेऊन आले. वय 74. सकाळी अंथरुणातून उठताना भोवळ येते, अशी तक्रार होती. नात चौथीत शिकणारी. आजोबा बोलत असताना तिने आपली वही माझ्यापुढे सरकवली. शाळेच्या प्रकल्पासाठी घरातील सर्वांची नाडी मोजून तिने तक्ता केला होता. आई 78, बाबा 74, ती स्वतः 92 आणि आजोबा 72.

मी कौतुक केले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "डॉक्टरकाका, आजोबांचे 46 आले होते. मी तीनदा मोजले. पण बाबा म्हणाले, मोठ्या माणसाची नाडी 72 असते, तुझे चुकले असेल. म्हणून मी खोडले."

पान उजेडाकडे धरले, तर 72 च्या खाली रबराने पुसलेला 46 दिसत होता. आजोबांचे मनगट हाती घेऊन मी पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. 46.

कारण शोधताना माझीच चूक हाती आली. रक्तदाबासाठी मी त्यांना ॲटेनोलॉल ही गोळी देत होतो. काचबिंदूसाठी ते टिमोलॉलचे थेंब डोळ्यांत घालत होते. ही दोन्ही औषधे एकाच कुळातील. दोन्ही नाडी मंद करतात. डोळ्यांतला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तेथून रक्तात मिसळतो. थेंबांविषयी मी विचारले नव्हते. आणि थेंब म्हणजे काही औषध नव्हे, या समजुतीने त्यांनीही सांगितले नव्हते. हृदयाचा आलेख काढला, नेत्रतज्ज्ञांशी बोलून थेंब बदलले, गोळीही बदलली. दोन आठवड्यांत नाडी 64 वर आली आणि भोवळ थांबली.

आम्हा दोघा मोठ्या माणसांना जे दिसले नाही, ते नऊ वर्षांच्या मुलीला दिसले होते. आणि ते आपण तिच्याकडून पुसून घेतले होते. 72 ही अनेक माणसांची सरासरी आहे, आजोबांची नाडी नव्हे. पुस्तकातील आकडा आणि हाती आलेला आकडा जुळत नसतील, तर पुन्हा मोजावे, दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. पण खोडू नये. प्राथमिक वयात विज्ञान शिकवणे म्हणजे प्रामुख्याने ही सवय लावणे होय.

आपल्यापैकी अनेकांना वाटते, नातवंडांची शाळा इंग्रजी माध्यमाची, आपण त्यांना विज्ञान काय शिकवणार? मानखुर्द येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. 1974 मध्ये सुरू झालेल्या या केंद्राचे संस्थापक-संचालक प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील महापालिका शाळांच्या मुलांबरोबर काम केले. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा हाच विज्ञान समजण्यातील मोठा अडसर आहे, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे याच केंद्रात डॉ. जयश्री रामदास यांनी तिसरी ते पाचवीसाठी 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकमाला तयार केली. तिचा भर मुलांनी स्वतः पाहावे, करून बघावे, चित्र काढावे आणि बोलावे यावर आहे. बोलण्यासाठी ऐकणारे माणूस लागते, आणि घरात दुपारी चार वाजता वेळ असलेले माणूस बहुधा आजी किंवा आजोबाच असतात. आपल्या मराठीत त्यांच्याशी बोला. 'नाडी' म्हटल्याने विज्ञान कमी होत नाही.

घरात बसून करता येतील असे तीन उद्योग सुचवतो.

पहिला, नाडीचा. पाच मिनिटे शांत बसावे. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर मधली दोन बोटे ठेवून पूर्ण 60 सेकंद मोजावे. अंगठ्याने मोजू नये, कारण त्याचे स्वतःचे ठोके जाणवतात. मग नातवाला जिना चढून यायला सांगा आणि त्याची नाडी पुन्हा मोजा. किती वाढली, किती मिनिटांत पूर्ववत झाली, ते त्याच्याच हाताने लिहू द्या. विश्रांतीत प्रौढांची नाडी साधारण 60 ते 100 असते. आठ-दहा वर्षांच्या मुलांची त्याहून थोडी अधिक असू शकते.

दुसरा, कागदी नळीचा. जाड कागद गुंडाळून एक टोक आजोबांच्या छातीवर आणि दुसरे नातवाच्या कानाला लावा. 1816 मध्ये पॅरिसमधील डॉक्टर लेनेक यांनी अशाच कागदी सुरळीतून रुग्णाच्या हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला.

तिसरा, पोळीचा. पोळीचा घास न गिळता दोन मिनिटे चावत राहायला सांगा. तो गोडसर का लागू लागतो, हे लगेच सांगू नका. तर्क करू द्या. भात, बटाटा, शेंगदाणा यांवर पडताळू द्या. लाळेमुळे पिष्टाची साखर होऊ लागते, हे उत्तर दुसऱ्या दिवशी सांगितले तरी चालते.

मुलाने असे काही विचारले की ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तर "मला माहीत नाही, आपण बघू या" असे म्हणावे. आजोबांनाही शोधावे लागते, हे नातवाला कळणे चांगलेच.

शुश्रूषा करणाऱ्यांना दोन शब्द. नाडी 60 च्या खाली असून भोवळ, धाप, छातीत दुखणे किंवा अकारण थकवा असेल, तर डॉक्टरांना लगेच भेटावे. शुद्ध हरपल्यास थेट रुग्णालय गाठावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये. आणि औषधांची यादी करताना डोळ्यांचे थेंब, मलम, काढे, सर्व काही लिहावे.

पुढच्या भेटीत ती मुलगी वही घेऊन आली होती. तिने तक्ता नव्याने आखला होता. आजोबांच्या रकान्यात तारखांसह दोन आकडे होते, 46 आणि 64. पुढे तिने एक प्रश्न लिहिला होता: "डोळ्यातले औषध हृदयापर्यंत किती वेळात जाते?" मला नेमके सांगता आले नाही. आम्ही दोघांनी ते शोधायचे ठरवले आहे.